संकेतस्थळांचे संदर्भ आणि प्रतनिर्देशाचा प्रश्न

१

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध आणि पीएच्. डी. साठी सादर होणारे प्रबंध तपासण्याचा प्रसंग ज्यांना नेहमी येतो, त्यांना संदर्भसूचीच्या अखेरीस येणारा ‘संकेतस्थळे’ हा विभाग चांगलाच परिचयाचा असेल. सूचीच्या आरंभी ग्रंथांची नोंद लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ व वर्ष अशा क्रमाने बहुधा नेटकेपणाने केलेली असते. नियतकालिकांच्या नोंदीतही वर्ष, अंक आणि पृष्ठ यांची दखल घेतलेली असते. परंतु संकेतस्थळांपाशी येताच हा सारा नेटकेपणा सुटतो. पाच-सहा पत्ते एकाखाली एक उतरविलेले असतात. त्यांत क्वचित एखाद्या शोधयंत्राचे नुसते नावही असते. कोणत्या पत्त्यावर, कोणाचे, कोणते लेखन, कोणत्या दिवशी वाचले, याचा कोठेच उल्लेख नसतो. ग्रंथांच्या यादीत ‘विद्यापीठाचे ग्रंथालय’ एवढेच लिहून कोणी थांबत नाही. मग ‘गूगल’ एवढे लिहून थांबण्यास आपण हरकत का घेत नाही?

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका निबंधात एका संस्थेच्या संकेतस्थळावरील माहितीचा आधार घेऊन एक विधान केले होते. पुढे एका विद्यार्थिनीने त्या विधानाचा मूळ आधार पाहावयास मागितला. दिलेला पत्ता उघडला, तेव्हा संस्थेचे नवे मुखपृष्ठ समोर आले. जुने पान नाहीसे झाले होते. त्या पानाची प्रत ठेवलेली नव्हती आणि ते कधी पाहिले हेही नोंदविलेले नव्हते. विधान खरे होते असे आजही वाटते. परंतु ‘मला वाटते’ याखेरीज दुसरे काही तिला सांगता आले नाही. संशोधनात याचा अर्थ एवढाच की, त्या विधानाला आधार उरला नाही.

संदर्भ लिहिण्याचे आणखी एक कोष्टक तयार करून देणे हा या लेखाचा हेतू नाही. तशी कोष्टके पुष्कळ आहेत, आणि स्वल्पविराम कोठे द्यावा याविषयी त्यांच्यात मतभेदही पुष्कळ आहेत. येथे मांडावयाचा मुद्दा एकच आहे. संकेतस्थळाच्या संदर्भाचा प्रश्न हा पत्ता लिहिण्याचा प्रश्न नसून प्रत सांगण्याचा प्रश्न आहे. आणि प्रत कशी सांगावी हे मराठीच्या अभ्यासकाला परक्याकडून शिकावे लागू नये.

२

हस्तलिखितांच्या अभ्यासात ‘ज्ञानेश्वरीत असे म्हटले आहे’ हे विधान अपुरे मानले जाते. कोणत्या ज्ञानेश्वरीत, असा प्रश्न लगेच येतो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ तीन शतकांत अनेक हातांतून गेला आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्याची प्रत शुद्ध केली. हे काम आपण कोणत्या शकात केले याची नोंद ग्रंथाच्या अखेरीस केलेली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या नोंदीमुळेच एकनाथपूर्व पाठ आणि एकनाथोत्तर पाठ हा भेद अभ्यासकाला करता येतो. याउलट इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतीची मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पडताळण्यासाठी उपलब्ध राहिली नाही आणि त्या प्रतीविषयीच्या वादाचा शेवटचा निकाल लागणे अवघड होऊन बसले. संपादकाचा अधिकार कितीही मोठा असला तरी मूळ साधन समोर नसेल, तर चर्चा त्या अधिकारापाशीच अडते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही या दृष्टीने आपल्यापुढचा मोठा आदर्श होय. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक हस्तलिखिताला स्वतंत्र संकेताक्षर दिले आणि पाठभेद नोंदविताना तो कोणत्या प्रतीतला हे त्या संकेताक्षराने दाखविले. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर तो निर्णय तपासून पाहण्याची साधने त्याच पानाच्या तळाशी आहेत. संदर्भाचे प्रयोजन याहून वेगळे नाही.

आपल्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असते. पोथी कोणी लिहिली, कोठे लिहिली, कोणत्या शकात, महिन्यात व तिथीला लिहून संपविली, कोणासाठी लिहिली, हे लेखनिक तेथे सांगतो. आणि समोरच्या पोथीत जसे दिसले तसे उतरविले, दोष असल्यास तो माझा मानू नये, अशी विनंतीही पुष्कळदा करतो. मुद्रित ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ आणि त्यामागील मुद्रणविषयक माहिती ही या पुष्पिकेचीच वारस आहे. संकेतस्थळावरील पानाला मात्र अशी निश्चित जागा नसते. कर्त्याचे नाव कधी शेवटी, कधी कोपऱ्यात, कधी मुळीच नाही. दिनांक असला तरी तो लेखनाचा, प्रकाशनाचा की दुरुस्तीचा हे स्पष्ट नसते. आणि पृष्ठाच्या तळाशी दिसणारे वर्ष अनेकदा केवळ स्वामित्वहक्काचे असून ते दर जानेवारीत आपोआप बदलते. म्हणून जी पुष्पिका पानाला नाही ती संशोधकाने स्वतः लिहावयाची असते. संकेतस्थळाचा संदर्भ म्हणजे ही पुष्पिका होय.

३

या दृष्टीने मराठीच्या अभ्यासकाला नित्य लागणारी काही साधने तपासून पाहिली, तर नुसता पत्ता देण्याने काय घडते हे ध्यानात येईल.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे उदाहरण घेऊ. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी, पुष्कळ वाढविलेली, १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर जो पाठ शोधता येतो तो दुसऱ्या आवृत्तीचा आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ तेथे पाहून ‘मोल्सवर्थ, १८३१’ अशी नोंद केली, तर सव्वीस वर्षांची चूक होते. शब्दाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नाही. एखादा शब्द किंवा अर्थ पहिल्या आवृत्तीत नसून दुसरीत प्रथम आला असेल, तर त्या शब्दाविषयीचा निष्कर्षच उलटा होईल. येथे योग्य नोंद दोन पदरी असावी लागते. मोल्सवर्थ, ‘ए डिक्शनरी, मराठी अँड इंग्लिश’, दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७, हा पहिला पदर. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील पाठ, शोधलेला शब्द, पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक, हा दुसरा. पहिला पदर कृतीची ओळख देतो, दुसरा प्रतीची.

मराठी विश्वकोशाची गोष्ट थोडी निराळी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मुद्रित खंडांतील नोंदी आता जालावर वाचावयास मिळतात आणि त्यांखेरीज निरनिराळ्या ज्ञानमंडळांनी अलीकडे नव्याने लिहिलेल्या नोंदीही जालावर प्रसिद्ध होतात. एकाच विषयावर जुनी आणि नवी अशा दोन नोंदी, दोन भिन्न कर्त्यांच्या, सापडणे यामुळे शक्य आहे. ‘मराठी विश्वकोश, संकेतस्थळ’ एवढ्या निर्देशाने त्यांतील कोणती अभिप्रेत आहे हे कळत नाही. शिवाय विश्वकोशातील नोंदींच्या अखेरीस लेखकाचे नाव दिलेले असते, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जात नाही. एखाद्या व्यासंगी अभ्यासकाने परिश्रमाने लिहिलेली नोंद ‘संकेतस्थळा’च्या नावावर जमा होते आणि त्याचे ऋण अनुल्लेखित राहते. संकेतस्थळ हे लेखक नव्हे. ते फार तर प्रकाशनाचे स्थळ आहे.

काळाचा विसर हा याहूनही गंभीर दोष आहे. विश्वकोशाच्या आरंभीच्या खंडांत गावांच्या नोंदींमध्ये १९७१ च्या जनगणनेचे आकडे आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तर १९२० च्या दशकातील. तोही आज जालावर वाचता येतो. कागद पिवळा पडलेला असतो, टंक जुन्या वळणाचा असतो, त्यामुळे छापील खंड हाती घेताच त्याचे वय दिसते. पडद्यावर मात्र शंभर वर्षांपूर्वीचे वाक्य आणि कालचे वाक्य एकाच टंकात, एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसते. केतकरांचे एखाद्या जातीविषयीचे किंवा देशाविषयीचे विधान आजचे ज्ञान म्हणून प्रबंधात उतरले, तर त्यात केतकरांवरही अन्याय आहे. नोंदीत मूळ खंड व त्याचे वर्ष लिहिण्याची शिस्त पाळली, तर ही चूक लिहितानाच लक्षात येते.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संगणकीय पाठ जपानी संस्कृतज्ञ मुनेओ तोकुनागा यांनी सिद्ध केला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी तो सुधारला. शब्द शोधण्यासाठी तो अतिशय उपयुक्त आहे. परंतु त्यात शोध घेऊन श्लोक मिळवावयाचा आणि तळटीपेत मात्र मुद्रित खंडाचे पृष्ठ पाहिल्यासारखा निर्देश करावयाचा, हा प्रकार सर्रास आढळतो. मुद्रित खंड प्रत्यक्ष उघडून पडताळला असेल तर तो निर्देश रास्त आहे. उघडला नसेल तर तो असत्य आहे. हीच गोष्ट दुसऱ्याच्या लेखातील तळटीप उचलून ती स्वतःच्या वाचनाची म्हणून देण्याची. आता त्यात नवी भर पडली आहे. प्रश्न विचारताच उत्तर रचून देणारी संगणकीय साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेले ग्रंथ आणि लेख संदर्भ म्हणून पुढे करतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने अशा काल्पनिक निवाड्यांचा हवाला देणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. पाहिले तेच सांगावे आणि जेथे पाहिले तेथलेच सांगावे, हा पोथीच्या लेखनिकाचा नियम त्या वकिलांनी पाळला असता तर हा प्रसंग आला नसता.

४

संकेतस्थळावरील पान बदलते आणि नाहीसे होते, हा आता अनुभवापुरता मर्यादित विषय राहिलेला नाही. हार्वर्ड विद्यापीठातील जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हार्वर्डमधील कायदेविषयक नियतकालिकांत दिलेल्या जालपत्त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतील पत्त्यांपैकी निम्मे पत्ते मूळ उद्धृत मजकुरापर्यंत नेत नाहीत असे आढळले. येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. पान उघडतच नाही हा एक प्रकार. पान उघडते, परंतु मजकूर निराळा असतो, हा दुसरा. दुसरा अधिक फसवा आहे, कारण त्यात वाचकाला काही बिघडल्याची जाणीवच होत नाही.

या परिस्थितीत संदर्भपद्धतीच्या प्रमाणग्रंथांनी एकमुखी मार्गदर्शन केले आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या नियमपुस्तिकेने २००९ च्या सातव्या आवृत्तीत जालपत्ता देण्याची सक्ती काढून टाकली आणि २०१६ च्या आठव्या आवृत्तीत पत्ता द्यावा अशी शिफारस पुन्हा केली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत, जो मजकूर बदलत राहणार आहे त्याच्याच बाबतीत पाहिल्याचा दिनांक मागितला आहे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. ज्या लेखाला डीओआय म्हणजे कायम ओळखक्रमांक आहे, त्याचा पाठ स्थिर मानता येतो आणि तेथे दिनांकाची फारशी गरज नाही. परंतु हा नियम ज्या वाङ्मयव्यवहाराला समोर ठेवून केला आहे तो आपला नव्हे. मराठीतील जालावरच्या लेखनापैकी फार थोड्याला असा क्रमांक मिळालेला आहे आणि कोणते पान बदलेल व कोणते बदलणार नाही हे वाचकाला बाहेरून सांगता येत नाही. म्हणून आपल्या विभागापुरता तरी नियम असा असावा की, कायम क्रमांक नसेल तेथे पाहिल्याचा दिनांक अनिवार्य समजावा.

कायम क्रमांकाची कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे नाही. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात तेव्हा प्रत्येक निर्णयाच्या अखेरीस त्याचा संगणकीय संकेतांक दिलेला असतो. शासनाचा विभाग, निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि हा संकेतांक दिला, तर पत्ता बदलला तरी निर्णय सापडतो. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारातील प्रत्येक प्रबंधालाही कायम पत्ता आहे. तरीसुद्धा विद्यार्थी बहुधा स्वतःच्या संगणकावर उघडलेल्या पीडीएफ धारिकेचा लांबलचक पत्ता उतरवितात; प्रबंधाचा कर्ता, विद्यापीठ आणि वर्ष मात्र राहून जातात.

देवनागरी पत्त्यांची एक अडचण येथेच सांगावयास हवी. मराठी विकिपीडियासारख्या ठिकाणी पत्ता देवनागरीत दिसतो. पण तो उचलून लेखात उतरविला की टक्क्यांच्या खुणा, रोमन अक्षरे आणि अंक यांची न संपणारी मालिका होते. प्रत्येक देवनागरी चिन्हाची अशी नऊ चिन्हे होतात. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात संगणकाच्या हिशेबाने अकरा चिन्हे आहेत; त्यांची नव्याण्णव होतात. मुद्रितात अशा पत्त्याचा उपयोग शून्य. तो देवनागरीतच लिहावा किंवा त्या पानाचा क्रमांकाधिष्ठित लहान पत्ता द्यावा.

उरतो प्रश्न नाहीशा होणाऱ्या पानाचा. १९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी स्थापन केलेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेचे ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांना खुले आहे. एखाद्या पानाची त्या दिवशीची प्रत तेथे जतन करविता येते आणि जतन केलेल्या प्रतीच्या पत्त्यात दिनांक व वेळ अंतर्भूत असते. मूळ पत्त्याच्या जोडीला हा पत्ता दिला, तर आपण कोणती प्रत पाहिली हे वाचकाला दाखविता येते. तथापि या सोयीवरही सर्वस्वी विसंबून चालणार नाही. काही संकेतस्थळे अशी नोंद होऊ देत नाहीत. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या हल्ल्यामुळे खुद्द ही संस्थाच काही दिवस बंद पडली होती. तेव्हा महत्त्वाच्या आधाराची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी हे उत्तम. तोंडी परीक्षेच्या वेळी ती परीक्षकापुढे ठेवता आली पाहिजे.

५

या विवेचनावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी काहींचा आहे. संकेतस्थळ हे प्रमाण साधनच नव्हे, त्याचा संदर्भ विद्यार्थ्याने देऊ नये, असे ते म्हणतात. या भूमिकेमागची काळजी समजण्याजोगी आहे. पण तिचा परिणाम विपरीत होतो. बंदी घातल्याने विद्यार्थी जालावर वाचणे थांबवीत नाही; तो जालावर वाचलेले लपवितो. साधनाची योग्यता आणि निर्देशाची अचूकता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सामान्य पोथीचाही निर्देश अचूक करता येतो, आणि उत्तम ग्रंथाचा निर्देश भोंगळ असू शकतो. मराठी विकिपीडियाचेच पाहा. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या कोशातील लेख कोणीही बदलू शकतो, म्हणून तो अंतिम प्रमाण मानू नये, हे योग्यच. परंतु प्रत्येक बदल कोणत्या दिवशी, किती वाजता झाला हे त्या लेखाच्या इतिहासात नोंदलेले असते आणि प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र कायम दुवा असतो. प्रतनिर्देशाची इतकी सोय छापील कोशातही नसते. विद्यार्थ्याने तेथून मूळ आधारापर्यंत जावे हे इष्ट; पण तेथेच थांबला असेल तर थांबल्याचे स्पष्ट सांगावे आणि त्या दिवशीच्या अवस्थेचा दुवा द्यावा.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण आचरणात दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या मर्यादा. तेव्हापासून संदर्भ म्हणजे टक्केवारी आटोक्यात ठेवण्याचे साधन, अशी समजूत पसरली आहे. अहवालात साम्य कमी आले की संदर्भांचे काम संपले असे विद्यार्थी मानतात आणि मार्गदर्शकही मानू लागले आहेत. परंतु संदर्भाची कर्तव्ये दोन आहेत. दुसऱ्याचे ऋण मान्य करणे हे एक, आणि विधानाचा पुरावा वाचकाच्या हाती देणे हे दुसरे. विनियमांचा संबंध पहिल्या कर्तव्याशी आहे. यंत्राच्या अहवालात निर्दोष ठरलेल्या प्रबंधातील एकही पत्ता उघडत नाही, असे सहज घडू शकते. आणि असा प्रबंध ज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ निराधार असतो.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून निष्पन्न होणारा व्यवहार फार अवघड नाही. लेखनाचा कर्ता, तो नसेल तर जबाबदार संस्था. लेखाचे किंवा नोंदीचे शीर्षक. मूळ मुद्रित कृती असल्यास तिची आवृत्ती, खंड आणि वर्ष. संकेतस्थळाचे नाव. प्रकाशनाचा किंवा अखेरच्या दुरुस्तीचा दिनांक. तो दिसत नसेल तर ‘दिनांक नाही’ असे स्पष्ट शब्द. कायम क्रमांक असल्यास तो, नसल्यास पत्ता. पाहिल्याचा दिनांक, आणि शक्य तेथे जतन केलेल्या प्रतीचा पत्ता. पानाला पृष्ठांक नसतो, म्हणून उपशीर्षक किंवा परिच्छेदाचा क्रमांक सांगावा. लांब पानावर वाचकाला हवे ते वाक्य शोधावयास लावू नये. ही अंगे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विरामचिन्हांनी मांडावीत, याबाबत विभागाने एक पद्धत ठरवावी आणि सर्वांनी ती पाळावी. पद्धत कोणती याला फारसे महत्त्व नाही. अंगे गळू नयेत याला आहे.

मात्र हे सर्व प्रबंध बांधणीला देण्याच्या आदल्या आठवड्यात करू म्हटल्यास होणार नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. पाहिल्याचा दिनांक आठवून लिहिता येत नाही, आणि गेलेले पान परत आणता येत नाही. वाचनाच्या वेळीच टिपणवहीत ही नोंद झाली पाहिजे. मार्गदर्शकांनीही पहिल्या सत्रापासून टिपणवही पाहण्याचा परिपाठ ठेवावा आणि प्रत्येक प्रबंधातील दोन-तीन पत्ते स्वतः उघडून पाहावेत. सुकथनकरांच्या सहकाऱ्यांना दूरदूरच्या पोथ्या मिळवून एकेक श्लोक ताडून पाहावा लागला. आपल्याला त्या मानाने फार थोडे करावयाचे आहे.